पेन्सिलीचे आकडे

तार आली तेव्हा मी अंगणात मुगवड्या घालत होते. हात पिठाचे, म्हणून पोस्टमननंच वाचून दाखवली. माझा धाकटा भाऊ मनोहर मुंबईत काविळीनं गेला... त्याला आता सहा आठवडे झाले.

आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. चौथीनंतर शाळा सोडून मी त्याला सांभाळलं. बाबा चिखलीत कापसाच्या एका जिनिंगमध्ये बॉयलरवर होते. तिथं वेल्डिंग केलेला एक पाइप नुसता जमिनीवर पडलेला असताना दुसऱ्या दिवशी जोडापाशी तडकला. आत वाफ नाही, वर भार नाही. काऊन तडकला, हे मनोहर आठवडाभर विचारत होता. पुढे इंजिनिअर होऊन मुंबईत तो कॉम्प्युटरवर तेच शोधू लागला.

एका दिवाळीत आकडे तपासायला तो कॉम्प्युटरला घालायच्या, भोकं पाडलेल्या कार्डांचा खोका घरी घेऊन आला. झाडताना खोका माझ्या हातून पडला. मी कार्डं गोळा केली, कडा जुळवून नीट रचली आणि गप्प राहिले. सगळं काम त्यांच्या क्रमावर होतं, हे मला कुठं ठाऊक? त्यानं खोका उघडला, वरची कार्डं चाळली आणि क्रम मोडला म्हणाला. मला रडू फुटलं.

"ताई, काऊन रडून राह्यली? बस इथं. मी यादी वाचतो, तू कार्ड शोध."

इंग्रजी आकडे त्यानं फरशीवर कोळशानं लिहून दिले. तीन दिवस आम्ही कार्डं लावत होतो. एकेक कार्ड म्हणजे पाइपाचा बारीक तुकडा, तो किती तापला, किती निवला. निवताना जोड आकसू पाहतो, बाजूचा थंड पाइप त्याला आकसू देत नाही. ती ओढाताण आतच राहते, वरून दिसत नाही, असं त्यानं सांगितलं. पुन्हा सांडलं तर असावं म्हणून मी प्रत्येक कोपऱ्यात पेन्सिलीनं मराठी आकडा घालत गेले. चौथी पास मशीन म्हणून तो चिडवायचा.

पण नंतरच्या पत्रांत फक्त खुशाली असायची. काम माझ्यामुळं बिघडलं असेल, हे मनात राहिलं. विचारायचा धीर झाला नाही...

परवा त्याचा मित्र तो खोका घेऊन आला. दाराआडूनच मी विचारलं. तो म्हणाला, उत्तर बरोबर आलं होतं, पाइप तडकतो तिथंच मशीननं ताण दाखवला. पुढं कार्डं झिजली, नवी पाडून घेतली. जुनी टाकू म्हटलं, तर मनोहर म्हणाला, "राहू दे. माह्या ताईनं लावलेली हायेत."

खोका आता देवाच्या फळीवर आहे. झाडताना दोन्ही हातांनी उचलते. काल उघडून पाहिला. एकपासून शेवटपर्यंत माझेच वेडेवाकडे आकडे... एकही मागंपुढं नाही.