थोरल्या दिरांचं आमेन

आमच्या चर्चच्या मंडळीत बाईने उभं राहून प्रार्थना करायची तर त्याची एक रीत होती. आधी जगासाठी मागायचं, मग देशासाठी, मग पाळकसाहेब, आजारी, विधवा, पाऊसपाणी, आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरलाच तर, स्वतःसाठी. आधी स्वतःचं मागणारी बाई अप्पलपोटी ठरायची. ही रीत मला तेव्हाही पटायची आणि आजही पटते. फक्त त्या रविवारी ती मला फार लांब पडली.

एकाहत्तरचं युद्ध चालू होतं. माझा नवरा फौजेत होता आणि तो पंजाबकडे कुठेतरी आहे, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आमचं गाव आष्ट्याजवळचं. तिथे घरटी एक तरी माणूस फौजेत, त्यामुळे पोस्टमन दिसला की सगळ्याच बायका दाराशी यायच्या. कोपऱ्यावरच्या शिंप्यांकडे ट्रान्झिस्टर होता. बातम्या लागल्या की ते मशीन थांबवून आवाज वाढवत. आमच्यासाठी, पण तसं कधी बोलून दाखवत नसत. इतरांची पत्रं येत होती. माझं येत नव्हतं.

त्या रविवारी प्रार्थनेला मी उभी राहिले. जग झालं, देश झाला, सरहद्दीवरचे जवान झाले, पाळकसाहेब आणि त्यांचा दमा झाला, मिशन दवाखान्यातले आजारी झाले. मग मी माझ्या माणसापाशी आले आणि अडले. नाव घ्यायचं होतं. आमचं घर ख्रिस्ती होऊन पिढ्या उलटल्या होत्या. कुंकू सुटलं, उपासतापास सुटले, पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे काही सुटलं नव्हतं. 'आमचे हे' म्हणावं, तर त्या सरहद्दीवर कितीजणींचे 'हे' असतील! देवाला ओळख पटणार होतीच, पण मला ते नाव त्याच्यापुढे स्वच्छ ठेवायचं होतं. मी डोळे घट्ट मिटले, श्वास घेतला, आणि तेवढ्यात पुढच्या बाकावरून माझ्या थोरल्या दिरांनी दणक्यात "आमेन" म्हटलं.

दीर मंडळीतले वडील होते, म्हणजे पाळकांच्या खालोखाल त्यांचा मान. त्यांचं आमेन झालं की सगळ्यांचं व्हायचं. झालंच. पेटी वाजू लागली, दानाची थैली फिरू लागली, आणि मी तशीच उभी. शेवटी जाऊबाईंनी पदर ओढून मला खाली बसवलं.

मला भयंकर राग आला. बाईमाणूस लांबण लावतंय म्हणून तोडून टाकलं, असंच मी धरून चालले.

आता पंचाईत अशी, की थोरल्या दिरांशी अबोला धरला तरी तो कळणार कुणाला? एरवी तरी मी त्यांच्याशी कुठे बोलत होते! डोक्यावर पदर, नजर खाली. जेवायला वाढलंय हेसुद्धा सांगायचं ते जाऊबाईंना, फक्त त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मी रुसले आणि घरात काही म्हणजे काही बदललं नाही. मी भाकरी थापत होते, ते खात होते. असा फुकट गेलेला अबोला मी दुसरा पाहिला नाही. संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायचे, तेव्हा दुसऱ्यांना क्षमा केल्याच्या ओळीपाशी मी ओठ मिटून घेई. तेही कुणाला कळत नव्हतं.

देवावर मात्र मी रागावले नव्हते. त्या रविवारीच घरी आल्यावर मी चुलीपुढे बसले आणि ते नाव घेतलं. चांगलं मोठ्याने घेतलं. लाज वाटली, मग हसू आलं, मग रडू आलं. देवापर्यंत जायला मला दिरांची परवानगी लागत नाही, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. म्हणजे प्रार्थना पोचली होती. दुखावला होता तो माझा मान, आणि तो मी बरा होऊ देत नव्हते.

युद्ध संपलं. शिंप्यांनी गल्लीत पेढे वाटले. नाताळ आला आणि गेला. पत्र नाही.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. पावाच्या तुकड्यांची थाळी वडील बाकाबाकाला फिरवत, आणि बायकांच्या बाजूला थाळी घेऊन यायचे ते आमचे दीर. मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी समेट करा, नाहीतर थाळीला हात लावू नका, असं पाळकसाहेब दर वेळी बजावत. लोक मान डोलवत आणि हात पुढे करत. जानेवारीत मी हात पुढे केला नाही. थाळी माझ्यापुढे आली, मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. दीर थोडा वेळ थांबले, मग पुढे गेले. बायकांच्या माना वळल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "अगं, काय केलंस ह्ये? समद्या मंडळीनं बघितलं की."

"बघू दे, अक्का. माझ्या मानसाचं नाव मला देवाफुडं घिऊ दिलं न्हाई त्येंनी."

त्यांनी पाठ फिरवली. डोळ्यांत पाणी आणून भांडी आवरत राहिल्या.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझा माणूस परत आला. उजव्या खांद्याला गोळी लागून तो इस्पितळात पडला होता आणि त्याला लिहिता येत नव्हतं. पण हे कळलं ते होळीच्या सुमाराला. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच तो रविवार मला मोलाचा वाटतो. माणूस मिळाला म्हणून क्षमा केली असती, तर तो देवाशी केलेला सौदा झाला असता.

त्या रविवारीही थाळी आली आणि मी ती जाऊ दिली. या वेळी बरं वाटलं नाही. आपला तुकडा खाऊन बायकांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. मी काही खाल्लंच नव्हतं, म्हणून माझे डोळे उघडे होते, आणि या वेळी माझ्याकडे कोण बघतंय यात मन नव्हतं. पुढे मेजापाशी पाळकसाहेब आता मंडळीतल्या वडिलांना वाढत होते. थाळी आमच्या दिरांपुढे आली. त्यांनी हात मांडीवरच ठेवले. थाळी पुढे गेली.

मी जाऊबाईंना कोपराने ढोसलं. त्यांनी डोळे उघडले, बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "मागल्या खेपंलाबी न्हाई घेतलं त्येंनी. मला म्हनलं, तिनं घेतल्याबिगार मी कसा घिऊ?"

महिनाभर हा माणूस मी थापलेली भाकरी खात होता आणि माझ्यासाठी प्रभूच्या मेजावर उपाशी राहत होता. मी उठले. लग्न सोडून बाईने मेजापर्यंत जायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पाळकसाहेब थाळीवर पांढरं फडकं घालत होते. मी म्हटलं, "ती थाळी जरा द्या." ते इतके गोंधळले की त्यांनी दिली. मी ती दिरांपुढे धरली आणि जन्मात पहिल्यांदा वर त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"दादा, घ्या. माझ्या मनात आता काय न्हाई. मीबी घेते."

ते उभे राहिले. एरवी सगळ्या मंडळीवर भारी पडणारा त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू येत होता. "पोरी, मीच त्येला भरतीला न्हेला व्हता. आई नगं नगं म्हनत व्हती. त्या दिशी तू थांबलीस आन् मला कळलं, आता त्येचं नाव येनार. मला ते ऐकवंना. म्हनून वराडलो."

सगळं चर्च आमच्याकडे बघत होतं. त्यांनी थाळीकडे हात नेला, पण त्यांना तुकडा उचलवेना. थोरल्या दिरांना शिवायचं नसतं. मी एक तुकडा उचलला, त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं माझ्या हाताने मिटवली.