समोरच्या दाराची राखण

विमलवहिनी गेल्याचा फोन दादाने केला नाही, त्यांच्या शेजारच्या मामींनी केला. सकाळची वेळ, पेरुंगुडीच्या आमच्या घरात मी नुकताच चहा घेऊन बसलो होतो. मामी तमिळमध्ये भराभर काहीतरी सांगत होत्या. जवळजवळ उभी नोकरी चेन्नईत काढल्यामुळे मला तमिळ चांगलं कळतं, पण त्या दिवशी एक शब्द डोक्यात शिरेल तर शपथ. मग त्या जरा थांबल्या आणि सावकाश म्हणाल्या, दारापुढची रांगोळी काढून झाली, आत येऊन खुर्चीत टेकली, कॉफी हातात घेतली आणि... पुढचं त्यांना बोलवेना. शैला, माझी बायको, आतून विचारत होती, कोणाचा फोन, कोणाचा फोन. चेन्नईच्या दुसऱ्या टोकाला, दादाच्या आवडी गावापर्यंतच्या त्या लांबलचक रस्त्यात माझ्या मनात एकच घोळत होतं, की आता दादाचं काय होणार? दादाचा श्वास त्या बाईच्या हातात होता, आणि हे मी उगाच लिहायचं म्हणून लिहीत नाही.

वहिनी मूळच्या मिरजेच्या. दादा आवडीच्या संरक्षण कारखान्यात लागला आणि लग्नानंतर त्या थेट सरकारी क्वार्टरमध्ये येऊन पडल्या. पुढे मी बँकेच्या बदलीने इथे आलो तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे रविवार सगळे त्यांच्याकडेच. पान वाढता वाढता विचारायच्या, "भाऊजी, तुमच्या बँकेत जेवायची सुट्टी देतात की उपास घडवतात?" बोलणं असं तिखट, आणि हात मात्र सढळ. दादा निवृत्त झाल्यावर सगळ्या नातेवाइकांनी परत चला, परत चला म्हणून जीव खाल्ला. वहिनींनी ऐकलं नाही. आवडीतच एका गल्लीत छोटंसं बैठं घर घेतलं, पुढे ओसरी, मागे धुण्याचा दगड आणि मोरी. "मी इथे आले तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं," म्हणाल्या, "आता जायचं की नाही हे मी ठरवणार." त्यावर कोण काय बोलणार?

त्या घरात गेल्यावर काही वर्षांनी दादाला खोकला लागला. आधी हवा बदलली म्हणालो, मग धूळ म्हणालो. स्टेशनचा जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा मोठ्या डॉक्टरकडे नेलं. सगळ्या तपासण्या झाल्यावर त्यांनी विचारलं, "घरी पक्षी आहेत का?" दादा म्हणाला, नाही. वहिनी म्हणाल्या, "आहेत. पाळलेले नाहीत, बसलेले आहेत." ओसरीच्या छपराखाली, समोरच्या दाराच्या बरोबर वर, एक रुंद कट्टा होता. त्याच्यावर कबुतरांनी पिढ्यानपिढ्या संसार मांडलेले. दादा रोज सकाळी त्याच्याच खाली बसून पेपर वाचायचा. त्यांच्या विष्ठेची नि पिसांची बारीक धूळ छातीत जाऊन फुप्फुसं निबर होत चालली होती. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. एकतर ते घर सोडा, नाहीतर ती कबुतरं घालवा. वहिनी तिथल्या तिथे म्हणाल्या, "घर सोडायचं नाही." आणि तेव्हापासून जाईपर्यंत त्यांनी त्या दाराची राखण केली.

सुरुवातीला नुसता पोरखेळ झाला. जुन्या सीडी दोऱ्याला बांधून लटकवल्या, तर कबुतरं त्यांच्यात तोंड बघायला यायची. दादाने जॉर्ज टाउनच्या बाजारातून प्लॅस्टिकचं घुबड आणलं. "दारात घुबड? घरात काय कमी आहे?" म्हणून वहिनींनी कपाळाला हात लावला, पण नवऱ्याच्या श्वासापुढे शकुन-अपशकुन बाजूला ठेवला. दुसऱ्याच दिवशी एक कबूतर ऐटीत त्या घुबडाच्या डोक्यावर बसलेलं. वहिनी दादाला म्हणाल्या, "रणगाडे बनवलेत ना जन्मभर? एक कबूतर हलेना तुमच्याच्याने!" त्या स्वतः काठी घेऊन ओसरीत उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "पोंगो! पोंगो!" मी पोट धरून हसायचो. त्या तमिळ शिकल्या शेजारच्या मामींकडून, मामी नवऱ्याशी बोलायच्या ते ऐकून, त्यामुळे कबुतरांनासुद्धा "जावं आपण, जावं आपण" अशी अदबीने विनंती चालायची. मी म्हटलं, "वहिनी, निदान त्यांना तरी अरे-तुरे करा." तर म्हणाल्या, "असू दे. आपण परमुलखातले, त्यांचं गाव आहे."

शेवटी त्यांनीच उपाय काढला. सुताराला बोलावून त्या कट्ट्यावर एक उतरती फळी ठोकून घेतली, इतकी उतरती की वर ठेवलेलं लिंबूसुद्धा घरंगळून खाली यावं. बाकीच्या फटींना जाळी. तरी वाऱ्याने जाळी सुटायची, मीटरच्या पेटीवर काड्या जमायच्या. मग साफसफाई. तिची पद्धत ठरलेली होती. कोरडा झाडू कधी मारायचा नाही. आधी सगळं पाण्याने चिंब भिजवायचं, नाकातोंडाला फडकं बांधायचं, मग ओल्या पोत्याने पुसून घ्यायचं, म्हणजे धूळ उडत नाही. आणि ते चालू असताना दादाने गल्लीच्या टोकाला, कडुनिंबाखाली जाऊन उभं राहायचं. दादा बिचारा पेपर काखेत मारून निमूट जायचा. कारखान्यात त्याच्या हाताखाली एवढी माणसं होती, त्यांनी हे पाहिलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं.

एवढं करूनही पाखरं दारापुढून हटेनात. साळुंक्या, चिमण्या, आणि त्यांच्या पाठोपाठ कबुतरं. वहिनींच्या नाकी नऊ आले. एक दिवस मामी कुंपणाच्या भिंतीवरून बघत होत्या, त्यांना राहवेना. म्हणाल्या, "काय गं विमला, सकाळी जेवायला वाढतेस आणि दुपारी काठी घेऊन हाकलतेस?" वहिनींना काही कळेना. मामींनी खाली बोट दाखवलं. दारापुढे तांदळाच्या भरड पिठाचं कोलम होतं, इथली रांगोळी! मिरजेत आपण शिरगोळ्याच्या दगडाची रांगोळी काढतो, पाखरू तिच्याकडे ढुंकून बघत नाही. इथे आल्यावर वहिनींनी हौसेने मामींसारखं तांदळाचं पीठ घ्यायला सुरुवात केली होती. इथल्या बायका ते घालतातच मुळी मुंग्यांनी, पाखरांनी खावं म्हणून. ही एवढी हुशार बाई, काठ्या, जाळ्या, घुबडं करत बसली आणि रोज पहाटे स्वतःच्या हाताने पंगत मांडत होती. सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आवरत नव्हतं.

मग मिरजेहून रांगोळीचे पुडे मागवले. पण तांदळाचं पीठ एकदम बंद करायला मन धजेना. खायची सवय आपणच लावली, म्हणाल्या, आता एकाएकी ताट कसं ओढायचं? म्हणून दारापुढे दगडाची रांगोळी, आणि तांदळाचं कोलम गल्लीच्या टोकाला, त्याच कडुनिंबाच्या बुंध्याशी. पाखरं तिकडे वळली. वहिनींचा जीव भांड्यात पडला. पण गल्लीतल्या लोकांनी बघितलं, की ही बाई रोज नेमाने कडुनिंबापुढे कोलम काढते. म्हणजे तिथे अम्मन देवी असणारच! कुणीतरी बुंध्याला हळद फासली, कुणी लाल कापड गुंडाळलं, कुणी पणती ठेवली. बघता बघता देवी बसली. आता आडी महिन्यात, आपल्या आषाढाच्या सुमारास, तिथे मोठ्या पातेल्यातून नाचणीची आंबील वाटतात. वहिनींनी चारदोन जणांना खरं सांगून बघितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि यांनाच नमस्कार केला. "भाऊजी, मी कबुतरं घालवायला गेले आणि देवी आणून ठेवली," असं म्हणाल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत हसू होतं आणि थोडं भयही.

त्यांचा एक कायदा मात्र फार कडक होता. काडी दिसली की काढायची, दिवसातून कितीदा का असेना. पण अंडं पडलं की हात लावायचा नाही. एकदा दोघं भाच्याच्या लग्नाला मिरजेला गेली, परत येईतो जाळी सुटून मीटरच्या पेटीवर अंडी. वहिनींनी समोरचं दार, खिडक्या सगळं बंद केलं, फटींत ओली फडकी कोंबली, दादाचं अंथरूण मागच्या खोलीत हलवलं आणि पिल्लं उडेपर्यंत येणंजाणं मागल्या दाराने. नेमकी त्याच दिवसांत माझी नवी सून पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला जायची होती. आम्ही नटूनथटून गेलो, तर वहिनी बोळातून हात करतायत, इकडून या, इकडून! धुण्याच्या दगडापाशी त्यांनी रांगोळी काढली होती, ओवाळणीचं ताट घेऊन मोरीच्या बाजूला उभ्या. शैलाचा पारा चढला. "ताई, माझ्या सुनेला पहिल्याच दिवशी मागल्या दाराने घेता?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "शैला, समोर बाळंतीण बसलीय. तिला उठवू का?" शैला कितीतरी दिवस धुसफुसत होती. सुनेला मात्र ते फार आवडलं. अजून सगळ्यांना सांगते.

...आणि त्या सकाळी वहिनी गेल्या. माणसं जमली. इथल्या रीतीप्रमाणे दारापुढे मांडव घालायला कामगार आले, बांबू बांधायला आडवी येते म्हणून त्यांनी ती उतरती फळी उखडून ठेवली. कोणाच्या लक्षात येणार? सुतकाचे दिवस, दारात रांगोळी नाही, वर मान करून बघणारं कोणी नाही. मी तिथेच होतो, माझंही लक्ष गेलं नाही. दादा ओसरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला भेटत होता, खोकत होता. आम्हाला वाटलं, रडून रडून घसा बसलाय. तेरावं झालं, मांडव सोडला, आणि कट्ट्यावर घरटं. आत दोन अंडी. मी संतापाने काठीच उचलली. जिने आयुष्यभर त्यांना हटवलं तिच्या तेराव्याला ही येऊन बसतात म्हणजे काय! दादाने माझा हात धरला. "ठेव ती," म्हणाला. मी ओरडलो, "दादा, तुझा जीव जाईल!" तो धापा टाकत म्हणाला, "माझ्या श्वासासाठी तिने काय काय केलं ते तू पाहिलंस. पण अंड्याला हात नाही लावला तिने. मी लावू?"

तेव्हा त्याला उचलून पेरुंगुडीला आणलं. आमचा फ्लॅट उंचावर, बाल्कनीला जाळी, हवा मोकळी. खोकला निवळला. शैला त्याचं सगळं प्रेमाने करत होती, आता इथेच राहा, भाऊजी, म्हणत होती. पण तो पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसायचा. जेवताना मीठ लागलं तरी मागायचा नाही. रोज संध्याकाळी मामींना फोन करायचा, पिल्लं केवढी झाली विचारायचा. मी चिडून म्हणायचो, "ती उडाली तरी तू एकटा तिथे कसा राहणार? फळी कोण बघणार? काड्या कोण काढणार?" यावर तो पेपर उलगडून तोंडापुढे धरायचा. मला एवढंच कळत होतं, की इथे राहिला तर श्वास चालेल, पण माणूस उरणार नाही.

गेल्या आठवड्यात मामींचा फोन आला, दुसरं पिल्लूही उडालं. आम्ही दोघं आवडीला गेलो. दादाला मी पेपर हातात देऊन गल्लीच्या टोकालाच उतरवलं, स्वतःच्या नाकातोंडाला फडकं बांधलं, वहिनींच्या पद्धतीने सगळं भिजवून भिजवून पुसलं, फळी पुन्हा ठोकली, ओसरी धुतली. कंबर मोडली माझी. फाटकात येऊन दादाला हात केला. तो कडुनिंबाखाली उभा होता, माझ्याकडेच बघत होता. पण हलेना. मी पुन्हा हात केला. तरी नाही. दम लागला की काय, म्हणून पळत गेलो. "दादा, झालं सगळं. चल."

"दिसलं मला," तो म्हणाला.

"मग येत का नाहीस?"

"ती हाक मारायची रे. सगळं आवरलं की फाटकातून हाक मारायची, मग मी निघायचो. तू हात केलास ते कळलं. पण पाय निघेना."

मी त्याचा दंड धरला, मग सोडला. ओढून नेऊ कसा त्याला? तेवढ्यात गल्लीतून मोठ्याने हाक आली, "या हो! या हो आता!" आम्ही दोघंही दचकलो. भिंतीपलीकडे मामी उभ्या होत्या, पदर खोचून, तोंडाशी हात धरून. मामींना मराठीचं अक्षर येत नाही. इतकी वर्षं भिंतीवरून जे ऐकलं तेच त्या ओरडत होत्या, अगदी वहिनींच्याच हेलात. ही हाक बायकोने नवऱ्याला मारायची असते, हेही त्यांना ठाऊक नसेल.

दादाने पेपर काखेत मारला आणि चालायला लागला. आता तो तिथेच राहतो. काड्यांवर मामी नजर ठेवतात, फळी बघायला मी रविवारी जातो.