कोहळ्याच्या वादाला मिळालेले प्रेक्षक

“पोरगी चांगली आहे वं, पण साऱ्या दुनियेत हसू केलं आमचं.”

अंगणात कोणीतरी असं म्हणालं तेव्हा मी मावशीच्या स्वयंपाकघरात चहाचे कप भरत होते. नाकाडोंगरीला तिच्या बचत गटाची बैठक भरली होती आणि विषय होता मी टाकलेला व्हिडिओ.

गट बिजोरे करतो, कोहळ्याचा कीस, तीळ आणि उडदाची डाळ एकत्र करून उन्हात वाळवलेले सांडगे. त्यांचं इन्स्टाग्राम पेज मी भंडाऱ्याहून सांभाळते. त्यात कोणाशी बोलावं लागत नाही, म्हणून हे काम मी आनंदानं घेतलं. अध्यक्ष काकूंच्या आवडीचा व्हिडिओ ठरलेला असे. नव्या साड्या, एक रांग, प्रत्येकीच्या हातात पाकीट आणि कोणी हलायचं नाही. तो टाकला की काकूंचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप यायचा, ‘सर्वांनी लाईक द्या.’ मग सगळ्यांचे नवरे, दीर, जावई, व्याही लाईक देत. लग्नात कोणाचा आहेर आला नाही हे जसं लक्षात ठेवतात, तसं काकू एकेक नाव बघत.

“तुह्या जावयाचं नाव नाही दिसलं वं?” एकदा त्यांनी एकीला विचारलं. जावयानं घाबरून जुन्या सगळ्या व्हिडिओंनाही लाईक देऊन टाकले.

मला मात्र पेजच्या आतले आकडे दिसत. ही माणसं बदाम दाबत आणि लगेच निघून जात. शेवटपर्यंत कोणी पाहत नसे, त्यामुळे व्हिडिओ अनोळखी लोकांपुढे जातच नसे. आलेखातली नव्या माणसांची रेघ धानाच्या बांधीसारखी, भातखाचरासारखी सपाट होती.

गेल्या आठवड्यात अंगणात उजेड कसा पडतो ते बघायला मी फोन लावून ठेवला होता. तेवढ्यात किसाचं पाणी पिळायचं की नाही, यावरून मावशीची आणि पिवळ्या साडीतल्या एका काकूंची जुंपली.

“पाणीच फेकून देल्लं त चव कोठून येईन, माय?” काकू म्हणाल्या.

“अन् नाही पिळलं त वाळतीन कवा? पुढच्या दिवाळीले?” मावशीनं विचारलं.

दोघींना दाखवून, त्यांनी हो म्हटल्यावरच मी तो व्हिडिओ टाकला. पण गटातल्या एकीनंही लाईक दिला नाही. कामाच्या साड्यांत दिसलो, याची लाज. अध्यक्ष काकूंच्या मते इतका पडलेला व्हिडिओ आजवर झाला नव्हता. तो काढून पुन्हा रांगेत उभं राहायचं, हे बैठकीत जवळपास ठरलंच होतं.

मी कप घेऊन बाहेर आले. आतले आकडे वेगळंच सांगत होते. अनोळखी लोक तो शेवटपर्यंत पाहत होते, एकमेकांना पाठवत होते. रेघ पहिल्यांदाच वर गेली होती. हा व्हिडिओ गेला असता तर आमच्याकडे दाखवण्यासारखं काही उरलं नसतं. पण रीच, रिटेन्शन हे सगळं मला इंग्रजीतच सांगता येतं, आणि माझ्या शाळेच्या मराठीला इथे सगळ्या हसतात. म्हणून मी सरळ प्रतिक्रिया उघडल्या आणि फोन मावशीच्या हातात दिला.

ती मोठ्यानं वाचू लागली. मूळची इथल्याच बपेऱ्याची, आता सुरतेत राहणारी एक बाई म्हणत होती, पिळायचंच. पुण्याच्या कोणीतरी तिचं म्हणणं खोडून काढलं होतं. एकानं लिहिलं होतं, ‘पिवळ्या साडीवाल्या काकूंशी वाद घालू नका.’

“पाह्य! म्या का म्हणलं होतं!” त्या काकू, आज निळ्या साडीत, उठून उभ्याच राहिल्या.

“पुण्याच्या माणसाले बिजोऱ्यातलं काय समजते? बपेऱ्याची बाई माह्या बाजूनं आहे,” मावशी म्हणाली.

“थोडंसं त पिळाच लागते,” अध्यक्ष काकूंच्या तोंडून निघून गेलं, आणि निम्मं अंगण त्यांच्यावर तुटून पडलं. प्रत्येकीची सासू, प्रत्येकीची आई साक्षीला आली. मला इतकं हसू येत होतं की कपातला चहा बशीत सांडला.

शेवटी अध्यक्ष काकूंना बैठकीची आठवण झाली. “हे जाऊ दे. लाईक त नाही आले न? तू सांग बाई, काढते का ठेवते?”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी बशी खाली ठेवली.

“नाही काढत, काकू. लाईक राहू द्या, पूर्ण पाहा फक्त. अन् उद्या पुन्हा असंच भांडा.”