तास म्हणजे भांडं

मुलांनो, तुमच्या आजोबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "एका तासाचं काम आहे." तेवढा एक शब्द धरून मी थिएटरबाहेरच्या बाकावर बसले. रिपोर्टांची फाइल पिशवीत, पिशवी मांडीवर, आजोबांचं घड्याळ माझ्या मनगटावर. तास उलटून गेला, तरी दार बंदच.

गुजराती नर्सला विचारलं. "थोडी वार लागशे, बा. चा पी लो ने." वार म्हणजे उशीर. किती, ते तिने सांगितलं नाही. चहा आला, तो कप हातात धरून बसले.

तेवढ्यात तुम्हा दोघांचा व्हिडिओ फोन आला; ताई इस्तंबूलहून, धाकटा पॅरिसहून.

"आजी, किती तास झाले?"

"एक होऊन गेला गं."

मला हसवायला ताई म्हणाली, "इथे तास म्हणजे वाडगा! हमामात अंगावर पाणी घ्यायचा."

"आणि इकडे तास म्हणजे कप," धाकटा ओरडला. "आजी, तुझ्या हातात तासच आहे!"

हसले मी. फोन ठेवला आणि पुन्हा दाराकडे बघू लागले. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, एवढं मला ठाऊक होतं. तास म्हणजे मूळचं धातूचं भांडं. ते ठोकून वेळ सांगायचे, म्हणून आपण त्या वेळेलाच तास म्हणू लागलो आणि भांडं विसरलो. तुर्कांनी ते न्हाणीघरात ठेवलं, फ्रेंचांनी त्यात कॉफी ओतली.

मला मात्र आमच्या लहानपणीच्या लग्नांतलं घटिकापात्र दिसू लागलं. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती हळूहळू भरते आणि बुडते. बुडाली की वेळ झाली. तेव्हा ती कधी बुडते म्हणून आम्ही मुली डोळे लावून बसायचो. आता वाटत होतं, दार उघडेपर्यंत ती बुडू नये. हातातल्या कपाकडेसुद्धा बघवेना.

दार उघडलं. "पित्ताशय आतून चिकटलं होतं, म्हणून वेळ लागला," डॉक्टर म्हणाले. "आता काळजी नाही."

वॉर्डात आजोबांनी डोळे किलकिले केले. "झाला का तास?"

"झाला. तुम्ही आत होतात, तोवर मी तो हातात धरून बसले होते, बुडू दिला नाही."



"गुंगीचं औषध," ते पुटपुटले, "मला दिलं होतं की तुला?"