गार पेटी

खालच्या मजल्यावरचे, तंजावरी मराठी बोलणारे गृहस्थ कुणाकडेही गेले की आधी फ्रिजच्या, मग टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवतात. "पाठ ऊन आहे, अक्का. फुकट वीज जाते," असं तमिळ हेल काढून सांगतात. टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या आमच्या कॉम्प्युटरवर त्यांचा विशेष राग. त्याला ते पेटी म्हणतात. शेवटी मी त्यातली जादा डिस्क काढली आणि तो कार्यक्रमापुरता आपोआप जागा होऊन पुन्हा झोपेल अशी सोय केली. त्यांना ती नीट समजावलीही.

रविवारी स्थानिक वाहिनीवर लेकीचं भरतनाट्यम एकदाच दाखवणार होते. साताऱ्याला अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईला त्याची सीडी पाठवायची होती. आम्ही गिंडी भागात लग्नाला गेलो. नळाला पाणी आलं तर भरावं म्हणून घराची किल्ली खालच्या गृहस्थांकडे दिली.

परतलो तेव्हा पाणी भरलेलं होतं आणि कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण बंद होतं. नाच रेकॉर्ड झालाच नाही.

"निजलेल्या पेटीला वीज कशाला, अक्का?"

"माझ्या आईला आता तो नाच कधीच दिसणार नाही," मी म्हणाले.

त्यांनी ऐकून घेतलं. मग वाकून कॉम्प्युटरच्या पाठीवर तळहात ठेवला आणि समाधानाने म्हणाले, "आता गार आहे."

मी हात पुढे केला. "किल्ली द्या."