आपल्या हॉलच्या दगडी पट्ट्या

मैत्रिणींनो, मंडळाच्या जुन्या हॉलमध्ये आपण मे महिन्यात लोणच्याच्या कैऱ्या चिरायचो. वर लांब दगडी पट्ट्यांचं छत होतं, इतकं गार की पंखा लावायचं कुणाला सुचायचंही नाही.

तो पाडून बांधायच्या नव्या हॉलसाठी मी कंपन्यांना पत्रं लिहून माहितीपत्रकं जमवली होती. सिमेंट, लोखंड, विटा बनवताना किती कार्बन हवेत जातो, ते त्यात असतं. हिशेब सरळ होता: जुन्याच पट्ट्या छताला वापरा, नवा स्लॅब टाळा. तो फाईलला लावून दिला, तेव्हा समितीने टाळ्या वाजवल्या होत्या.

आज सकाळी गेले, तर पट्ट्या फोडून नव्या हॉलच्या पायात भरलेल्या.

"मॅडमजी, साहबने ही बोला था," ठेकेदार म्हणाला.

ते साहेब, म्हणजे आपले सेक्रेटरी, हसले. "वहिनी, तुमची फाईल वाया नाही गेली हं. पर्यावरणपूरक इमारतीच्या प्रमाणपत्रासाठी तीच जोडलीय."

म्हणजे आकडे माझ्या हॉलचे, आणि हॉल त्यांचा.

चार पट्ट्या धड राहिल्यात. दोन खातीपुऱ्याच्या सुमनने न्याव्यात, अंगणात बाक होईल. दोन झोटवाड्याच्या कुसुमताईंना द्या, कैऱ्या तिथे चिरू. फाईलची दुसरी प्रत, फुटलेल्या पट्ट्यांच्या फोटोंसकट, प्रमाणपत्र देणाऱ्या ऑफिसला. ती उद्या मी स्वतः नेऊन देणार आहे.