नाही म्हणायचं बटण

आमच्या घराच्या वेबसाइटवर पाहुण्यांना नकार द्यायची सोय नाही. ती वेबसाइट मीच बनवली आहे, तेव्हा हे छातीठोकपणे सांगते.

मी मूळची पनवेलकडची. संगणकाचं शिकले, एका कंपनीत मोबाइलची ॲप्स तपासायचं काम केलं आणि लग्न होऊन श्रीवर्धनला आले. नवरा तळा गावात शाळेत शिक्षक आहे. आठवडाभर तो तिथेच खोली घेऊन राहतो आणि शनिवारी दुपारच्या एसटीने घरी येतो. म्हणजे घरात सासूबाई, मी आणि मागे सुपारीची वाडी. पुढच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. राहणं, नाश्ता, दोन वेळचं जेवण, आणि आधी सांगितलं तर उकडीचे मोदक.

लोकांना सिनेमाचं वेड असतं, मला सॉफ्टवेअरचं आहे. फोनमध्ये नवीन आवृत्ती आली की बाकीचे कपाळाला आठ्या घालतात. मी चहा घेऊन काय काय बदललं ते वाचत बसते. कुठल्या ॲपने कुठलं बटण कुठे हलवलं यावर मी अर्धा तास बोलू शकते, फक्त ऐकायला कोणी नसतं. सासूबाई ऐकतात, पण त्या तेव्हा वालाच्या शेंगा सोलत असतात आणि मध्येच विचारतात, "कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या गो?"

वेबसाइट करायची ठरली तेव्हा माझ्या अंगात आलं होतं. पाहुण्याला ॲप उतरवून घ्यायला लावणं हा मला शुद्ध उद्धटपणा वाटतो. दोन दिवस राहायला येणाऱ्या माणसाने आपल्या फोनमधली जागा आम्हाला का द्यावी? म्हणून मी साधं वेबपान केलं. ते फोनच्या पडद्यावर ॲपसारखं ठेवता येतं आणि घाटातल्या लटपटत्या नेटवर्कवरही उघडतं. फोटो इतके हलके केले की समुद्र जरा धुरकट दिसतो, पण दिसतो. हल्ली तर अशी साधनं आली आहेत की मराठीत सांगितलं तरी कोड लिहून देतात. मी भांडी घासता घासता फोनला सांगायचे, तारखा अशा दाखव, मोदकांचा रकाना तसा कर. ते चुकायचं, आणि चुकलं की इतक्या नम्रपणे माफी मागायचं की घरात कोणीतरी असं बोलतंय याचंच मला बरं वाटायचं.

पाहुण्याने विचारणा केली की ती सासूबाईंच्या फोनवर जायची. त्याखाली मी दोन बटणं ठेवली होती, हिरवं 'या' आणि लाल 'नाही'. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि फोन माझ्या हातात परत दिला.

"हे लाल काढ आधी. आपल्या दारावर 'नाही' लिहायचं?"

"आई, दारावर कुठे? फोनवर आहे. जागा नसली तर काय सांगणार?"

"जागा नसली तर 'या, बघू काहीतरी' म्हणायचं. इतकी वर्षं काय केलं आम्ही? माजघरात गाद्या घातल्यात, शेजारी पाठवलीत माणसं. 'नाही' कधी म्हटलं नाही."

मी लाल बटण काढलं. वाद घालता आला असता, पण तेव्हा मलाही ते गोड वाटलं. शिवाय वापरणाऱ्याचं ऐकावं हे तर आमच्या धंद्याचं पहिलं शिक्षण.

पान धावायला लागलं आणि मी अडकले. हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. पूर्वी लोक फोन करायचे, फोन लागायचा नाही, काहीजण कंटाळून दुसरीकडे जायचे. आता कोणी कंटाळत नव्हतं. सासूबाई एका बोटाने 'या' दाबायच्या आणि नातवंडाचा फोटो दाखवावा तसा मला फोन दाखवायच्या. मोदकांच्या रकान्याला मी मर्यादा घातली नव्हती. शनिवारी सकाळी उकड मळताना माझे तळहात लालबुंद व्हायचे आणि ओट्यावरचा फोन आणखी मोदक मागायचा. नवरा दुपारी येऊन पानं वाढायला लागायचा, त्याला दोष देणार नाही. पण आमचं बोलणं व्हायचं ते आमटी आणि ताकाबद्दल. मला कोंडल्यासारखं व्हायचं. दार तर सताड उघडं होतं, शंभर पावलांवर समुद्र होता आणि मी महिनोन्‌महिने तो फक्त माझ्याच वेबसाइटवर बघत होते.

म्हणून मी घरून करायच्या नोकरीसाठी अर्ज केला. मला ती हवी होती. पगारासाठी हवी होतीच; पण दिवसातले काही तास माझ्या डोक्याला माझं काम मिळावं आणि त्या वेळात मला कोणी कुकरच्या शिट्ट्या विचारू नयेत, यासाठी जास्त हवी होती. मुलाखत ठरली ती नेमकी शनिवारी. ते कळलं त्याच दुपारी सासूबाई आडव्या झाल्यावर मी कोड उघडला आणि त्या तारखेपुढे 'जागा शिल्लक नाही' असं लिहून टाकलं. ते लाल बटण सोडलं तर घरात पहिल्यांदा 'नाही' हा शब्द लिहिला गेला. मला भारी समाधान वाटलं.

शनिवारी सकाळी अंगणात दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या.

"फोनवर विचारलं त्यांनी," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या त्या ह्याच्यावर नाही दिसतंय म्हणाले. मी म्हटलं, या हो, बघू काहीतरी."

वायफायचा डबा पुढच्या खोलीत, आणि तिथे आता पाहुण्यांची मुलं लोळत होती. 'मोफत वायफाय' हेही मीच ठळक अक्षरांत लिहिलेलं. मग मी मोदक वाफेला ठेवले, पदराला हात पुसले आणि फोन घेऊन वाडीच्या टोकाला पंपाच्या खोपटात जाऊन बसले. तिथे बरी रेंज येते. पडद्यावर मुलाखत घेणारे दोघं होते, एक बाई आणि एक तरुण. नमुना म्हणून मी आमचंच पान पाठवलं होतं. त्यांनी ते माझ्यासमोर उघडलं, इकडे तिकडे दाबून बघितलं, खूश झाले. मग बाईंनी विचारलं, "सगळं छान आहे. पण यजमानाला नाही म्हणायचं असेल तर ते कुठून?"

उत्तरं मी पाठ करून गेले होते. तोंडातून मात्र भलतंच आलं. "आमच्याकडे नाही म्हणत नाहीत."

दोघंही हसले. तो तरुण म्हणाला की वापरणाऱ्यांना इतकं ओळखून काम करणारी माणसं फार कमी मिळतात. बाईंनी मान डोलावली. मी त्यांचे आभार मानले. मी सासूबाईंबद्दल बोलत होते, पण नाही म्हणता न आलेली, त्या खोपटात वाफेवरच्या मोदकांत जीव अडकवून बसलेली बाई तर मी होते.

नोकरी मिळाली. तसा निरोप पुढच्या शुक्रवारी आला, पण शनिवारी सांगायला फुरसत झाली नाही. रविवारी संध्याकाळी पाहुण्यांची शेवटची गाडी गेल्यावर ओटीवर मी दोघांना सांगितलं. नवऱ्याचा चेहरा फुलला, अगदी मनापासून. सासूबाई आत जाऊन देवापुढे साखर ठेवून आल्या आणि त्यातली चिमूटभर माझ्या हातावर ठेवली.

"सोमवार ते शुक्रवार तुला हाक मारायची नाही कोणी," त्या म्हणाल्या. "मी बघेन सगळं. अगदी कुकरसुद्धा."

मला भरून आलं. मी त्यांना वाकून नमस्कार केला.

"आणि शनिवार-रविवार सुट्टीच असेल ना?" नवऱ्याने विचारलं.

"हो."

"मग तर काही प्रश्नच नाही. पाहुण्यांचं अगदी बरोबर जमेल."

"हो गो," सासूबाई म्हणाल्या. "दिवाळीपर्यंतचं मी 'या' म्हणून ठेवलंय."

"आणि मी थांबायचं कधी?" मी विचारलं.

घरात मी सतत थट्टा करते, त्यामुळे दोघंही खळखळून हसले. मी उत्तराची वाट बघत उभी राहिले. सासूबाई हसत हसत डोळे पुसत आत गेल्या आणि नवरा एसटीला उशीर होईल म्हणून पिशवी भरायला लागला.